एक यंत्र, पाच बिऱ्हाडे

(मंडळाच्या आषाढातील मासिक सभेत वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



सभेच्या सूचनेत चिटणीसांनी माझा विषय छापला होता : 'एका सर्व्हरवरील हायपरकन्व्हर्ज्ड व्हर्च्युअलायझेशन'. ती सूचना वाचून आपल्या एका काकूंनी मला फोन केला आणि काळजीच्या सुरात विचारले, "अगं, हे कुणाला झालंय?" म्हणून आधीच सांगते, हे दुखणे नाही. पण एका दुखण्यावरचा उपाय नक्कीच आहे, आणि ते दुखणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे.

गेल्या वर्षी गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. ऑगस्ट २०२४ चा तो शेवटचा आठवडा इथे बसलेल्या कुणालाही आठवून द्यायला नको. वीज नाही, रस्त्यात होड्या, सोसायट्यांच्या आवारात मगरी. चौथ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळाच्या तळमजल्यावरच्या कार्यालयाचे दार ढकलले. आतले लोखंडी कपाट आडवे पडले होते. त्या कपाटाच्या खालच्या खणात मंडळाचा संगणक होता. त्याच खणात, त्या संगणकाच्या शेजारी, बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क होती. आणि वरच्या खणात त्या मूळ कॅसेटी होत्या, ज्यांच्यावरून आम्ही दोन वर्षे खपून ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवली होती.

ती डिस्क तिथे मी ठेवली होती. मी एका बँकेच्या संगणक विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. 'बॅकअप वेगळ्या इमारतीत असला पाहिजे' हे वाक्य मी नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवले असेल की त्याची गणती नाही. पण आपल्याच मंडळात मी तो बॅकअप एका हाताच्या अंतरावर ठेवला, कारण कपाटाला कुलूप होते आणि किल्ली माझ्याकडे होती. चोरापासून तो सुरक्षित होता. पाण्याला किल्ली लागत नाही.

दुसरी चूक त्यानंतर झाली. एका उत्साही कार्यकर्त्याने डिस्क पुसली, केस वाळवायच्या यंत्राने वाळवली आणि जोडून पाहिली. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून त्याला कुणी बोलले नाही. पण सर्वांनी लक्षात ठेवा : चिखलाच्या पाण्यात बुडालेली डिस्क कधीही विजेला जोडू नये. आतल्या तबकड्या आणि त्यांच्यावरून फिरणारी सुई यांच्यातले अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. मातीचा एक कण आत असला तरी सुई तबकडी खरवडत जाते. अशी डिस्क तशीच पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी. आम्ही दिली, पण उशिरा दिली. त्यातून फारसे काही परत आले नाही.

त्या दिवाळीत एक बाई वाचनालयात आल्या. त्यांचे वडील आपल्या नाट्यशाखेत गात असत. कित्येक गणपतीत त्यांनी याच मंचावर पदे म्हटली. बाईंनी विचारले, "दादांचा आवाज तुमच्याकडे आहे ना? घरी काहीच राहिलं नाही हो पुरात." मला 'नाही' म्हणावे लागले. मी तेव्हापासून जे काही केले, ते त्या 'नाही'मुळे केले. आज त्याचाच हिशेब द्यायला उभी आहे.

आता यंत्राकडे येते.

आपल्या मंडळाची संगणकावरची कामे पाहा. एक, जुन्या स्मरणिका, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांचा संग्रह. दोन, वाचनालयाची पुस्तकांची यादी आणि देवघेव. तीन, सभासदांची नोंद आणि हिशेब, जे विंडोजवरच चालतात. चार, तो जुना डीटीपीचा संगणक, ज्यावर आपल्या पंधरा-वीस वर्षांच्या स्मरणिका जुळवल्या. आणि पाच, काही नवे करून पाहायचे तर त्यासाठी एक जागा. जुन्या पद्धतीने पाच कामांना पाच संगणक लागतात. पाच संगणक म्हणजे पाच वीजजोड, पाच ठिकाणी धूळ आणि पाच ठिकाणी बिघाड.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका खऱ्या संगणकात अनेक काल्पनिक संगणक नांदवणे. आपल्यातल्या जुन्या मंडळींनी दांडिया बाजारातले वाडे पाहिले आहेत. वाडा एक, मालक एक, आत पाच बिऱ्हाडे. प्रत्येकाला आपले दार, आपली चूल. शेजारच्या बिऱ्हाडात भांडी पडली तरी आपल्या चुलीवरचे दूध उतू जात नाही. इथे वाडा म्हणजे सर्व्हर, बिऱ्हाडे म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि कुणाला किती खोल्या द्यायच्या हे पाहणारा वाड्याचा कारभारी म्हणजे हायपरव्हायझर.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. साध्या संगणकांवर ती यायला व्हीएमवेअर ही कंपनी निघावी लागली, १९९८ साली. पुढे इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर आला. तो फुकट आहे आणि खुला आहे. आपण तोच वापरतो.

राहिला 'हायपरकन्व्हर्ज्ड' हा जड शब्द. पूर्वी मोठ्या कार्यालयांत हिशेब करणारी यंत्रे एका कपाटात असत आणि साठवणीच्या डिस्कांचे वेगळे, फार महाग कपाट असे. मधे त्यांना जोडणारे खास जाळे. बिऱ्हाडे वाड्यात आणि पाणी दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक विहिरीवर, असा प्रकार. हायपरकन्व्हर्ज्ड म्हणजे विहीर वाड्यातच. चालवणारे आणि साठवणारे यंत्र एकच, आणि साठवणीची व्यवस्था खास कार्ड-कपाटाऐवजी सॉफ्टवेअरने पाहायची. मोठ्या संस्था अशी तीन, चार, आठ यंत्रे एकमेकांना जोडतात, म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे काम उचलते. आपल्याला ते परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. आपले यंत्र एकच. त्याची मर्यादा काय, ते शेवटी सांगते, कारण ती लपवली तर या सगळ्या भाषणाला अर्थ राहणार नाही.

आम्ही मंडळासाठी वापरलेला पण सुस्थितीतला एक टॉवर सर्व्हर घेतला. त्यात चौसष्ट जीबी मेमरी आहे, आणि ती चूक पकडून दुरुस्त करणाऱ्या प्रकारची, म्हणजे ईसीसी आहे. डिस्का मात्र नव्या घेतल्या. चार टीबीच्या चार मोठ्या डिस्का आणि दोन लहान एसएसडी. यूपीएस धरून सगळे एक लाख दहा हजारांत बसले. त्यातले साठ हजार तुमच्याच वर्गणीतून आले, म्हणून हा आकडा सांगणे माझे कर्तव्य आहे.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. मोठ्या डिस्कांमध्ये एक प्रकार असा असतो की जागा वाचवण्यासाठी त्यातले लिखाणाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. घरच्या बॅकअपला तो ठीक, पण अशा सर्व्हरला नाही, कारण बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी भरून निघायला तो फार वेळ लावतो. दुसरे, एसएसडी घेताना वीज अचानक गेली तरी हातातले लिखाण पूर्ण करू शकणारी घ्या. ती थोडी महाग असते. आपल्या शहरातला उन्हाळा आणि पावसाळा पाहता ती महाग नाही.

सर्व्हरवर आम्ही प्रॉक्समॉक्स ही प्रणाली घातली. ती व्हिएन्नाच्या एका कंपनीची आहे, २००८ पासून आहे, डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि खुली आहे. पैसे भरले तर कंपनी मदत देते. नाही भरले तर प्रवेश करताना एक आठवण दाखवते, एवढेच. पेन ड्राइव्हवरून ती बसवायला अर्धा तासही लागत नाही. त्याआधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का हे पाहावे लागते. बसवल्यावर मात्र सर्व्हरला पडदा-कीबोर्ड लागत नाही. कार्यालयातल्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून सगळा कारभार चालतो. पैसे न भरणाऱ्यांनी एक आठवणीने करावे : अद्ययावत होण्यासाठी सशुल्क भांडाराचा पत्ता असतो, तो बंद करून विनाशुल्क भांडाराचा घालावा. नाहीतर अद्ययावतीकरण प्रत्येक वेळी चूक दाखवते आणि माणसे कंटाळून ते करायचेच सोडतात.

आता साठवणीचे सांगते, कारण खरा जीव तिथे आहे. आपण झेडएफएस वापरतो. सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी ते घडवले आणि २००५ मध्ये खुले केले. त्याचे मोठेपण समजायला आपण पोथीचे उदाहरण घेऊ. एका पोथीच्या दोन नकला आहेत. एकीत एका ओळीत एक शब्द आहे, दुसरीत त्या जागी दुसराच. खरा कुठला? केवळ दोन नकला आहेत एवढ्यावरून ते सांगता येत नाही. डिस्कांच्या जोडीचे जुने तंत्र नेमके इथे अडते. दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर असतो, पण एकीवरचा काळाच्या ओघात मुक्याने बिघडला तर खरी प्रत कोणती हे यंत्राला कळत नाही. झेडएफएस मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा एक गणिती शिक्का काढते आणि तो शिक्का त्या तुकड्याबरोबर न ठेवता वेगळ्या जागी, वरच्या पातळीवर, नोंदवते. तुकडा वाचताना शिक्का पुन्हा काढून ताडून पाहते. जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत तपासते, ती जुळली की तुम्हाला ती देते आणि बिघडलेली जागेवरच दुरुस्त करते. शिवाय महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, सगळा साठा आपणहून असा वाचून काढते. जुनी छायाचित्रे वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही. ती न उघडताही तपासली जातात, हा मला सगळ्यात मोठा दिलासा वाटतो.

दुसरा गुण असा की ते जुन्या मजकुरावर नवा लिहीत नाही. नवे पान घेऊन लिहिते आणि मग अनुक्रमणिका बदलते. त्यामुळे मधेच वीज गेली तर जुने पान शाबूत असते. आणि 'आत्ताची स्थिती जपून ठेव' असे सांगितले की जुनी पाने टाकून न देता सांभाळते. याला स्नॅपशॉट म्हणतात. आपल्याकडे तो दर तासाला, रोज आणि दर महिन्याला घेतला जातो. मार्चमध्ये आपल्या एका स्वयंसेवकाने स्मरणिकांच्या दहा वर्षांचा फोल्डर चुकून पुसला. रडवेला होऊन माझ्याकडे आला. चहा येईपर्यंत तो फोल्डर तासापूर्वीच्या स्नॅपशॉटमधून परत आला होता.

आमच्याकडून चुकले ते हे. घेतलेल्या सर्व्हरमध्ये डिस्का सांभाळणारे एक रेड कार्ड होते. झेडएफएसला डिस्का सरळ दिसाव्या लागतात, मधे दुसरा कारभारी चालत नाही. मी आळस केला, प्रत्येक डिस्क त्या कार्डामार्फतच एकेकटी दाखवली आणि सगळे बसवले. मग लक्षात आले की डिस्कांची प्रकृती, त्यांचे तापमान, त्यांचे अनुक्रमांक यातले नीट काहीच वर पोहोचत नाही. दोन दिवसांचे काम पुसून, कार्ड केवळ जोडणीच्या अवस्थेत आणून पुन्हा आरंभ केला.

चार डिस्का कशा लावायच्या यावर आमची बरीच चर्चा झाली. एक मार्ग असा की चारपैकी एकीएवढी जागा सुरक्षिततेला द्यायची. मग बारा टीबी हाती राहतात. दुसरा मार्ग, दोन-दोनच्या जोड्या. मग आठच राहतात. आम्ही जोड्या निवडल्या. जोडीत डिस्क बदलल्यावर नवी लवकर भरते, अनेक बिऱ्हाडांचे एकाच वेळचे वाचन-लेखन सोसते, आणि पुढे जागा हवी झाली तर एक जोडी वाढवता येते. आठ टीबी आपल्याला वर्षानुवर्षे पुरतील, मात्र साठा ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यानंतर झेडएफएस मंदावते. दोन एसएसडींची वेगळी जोडी आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स आणि बिऱ्हाडांच्या प्रणाली राहतात. संग्रह मोठ्या डिस्कांवर.

मेमरीची वाटणीही आधी करावी लागते. झेडएफएसला वाचलेले मेमरीत धरून ठेवायला आवडते. मर्यादा घातली नाही तर ते आणि बिऱ्हाडे यांच्यात ओढाताण होते. आम्ही त्याला सोळा जीबी दिले. संग्रह, वाचनालय आणि हिशेब यांना आठ-आठ, प्रयोगाच्या मशीनला चार, जुन्या डीटीपीला एक. कारभाऱ्यासाठी चारेक धरून पंधराएक जीबी अजून मोकळी आहे. डिस्कची जागा मात्र बिऱ्हाडांना कागदोपत्री जास्त लिहून देता येते, प्रत्यक्ष भरेल तेवढीच खर्ची पडते. पंगतीला आमंत्रणे जास्त करतो तसे. सोयीचे आहे, पण एखाद्या दिवशी सगळेच जेवायला येतात, हे विसरू नये.

वाचनालयाच्या मशीनवर कोहा हे सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या लेव्हिन या गावच्या वाचनालयासाठी ते तयार झाले आणि २००० सालापासून वापरात आहे. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, त्याचा अर्थ भेट. त्यांनी ते जगाला भेटच दिले. देवनागरीत नाव टाकून पुस्तक शोधता येते.

आणि डीटीपीचे बिऱ्हाड. आपला तो जुना संगणक वरच्या माळ्यावर होता म्हणून पुरातून वाचला. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि त्या काळचे मराठी फाँट आहेत. ते फाँट आजच्या युनिकोडच्या आधीचे. आजच्या संगणकावर त्या फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी निव्वळ गोंधळ दिसतो. तो संगणक मेला की आपल्या पंधरा-वीस स्मरणिकांची मूळ पाने मुकी होणार होती. आम्ही त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि तिचे व्हर्च्युअल मशीन केले. पहिल्यांदा निळा पडदाच आला, कारण एक्सपीला नव्या घरातली डिस्क ओळखू येईना. पुन्हा मूळ संगणक चालू करून त्यात साध्या आयडीई डिस्कची नोंद घातली, परत नक्कल घेतली आणि मग तो सुरू झाला. सॉफ्टवेअरचे कुलूप एका यूएसबी डाँगलमध्ये होते. तो डाँगल सर्व्हरला मागे लावून त्या एकाच मशीनच्या नावे करून दिला. इतक्या जुन्या विंडोजला इंटरनेट दाखवणे धोक्याचे, म्हणून त्या बिऱ्हाडाला नेटवर्कच दिलेले नाही. पडद्यावर तीच निळी-हिरवी टेकडी दिसली आणि आपले डीटीपी करणारे काका, जे आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी माउस हातात घेऊन न विचारता योग्य फोल्डर उघडला. वीस वर्षांपूर्वीचे मुखपृष्ठ जसेच्या तसे समोर आले. आता ते दर गुरुवारी येऊन एकेका स्मरणिकेची पीडीएफ काढतात.

आता ती मर्यादा. मंडळी, एक सर्व्हर म्हणजे एकच सर्व्हर. त्याचा मदरबोर्ड गेला की पाचही बिऱ्हाडे एकदम रस्त्यावर येतात. डिस्कांची जोडी एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. आग, पूर, चोरी, विजेचा झटका यांपासून वाचवत नाही. स्नॅपशॉट चुकून पुसलेले परत देतो, पण तो त्याच डिस्कांवर असतो. यातल्या कशालाही बॅकअप म्हणू नका. मी एकदा म्हटले आणि एका मुलीला तिच्या वडिलांचा आवाज देऊ शकले नाही.

म्हणून सर्व्हर आता वरच्या मजल्यावर, जमिनीपासून चार फुटांवर भिंतीतल्या घडवंचीवर आहे. वीज गेली की यूपीएस त्याला कळवतो आणि बॅटरी संपण्यापूर्वी तो बिऱ्हाडे एकेक करून व्यवस्थित बंद करतो. रोज रात्री दोन वाजता सगळ्याची प्रत मकरपुऱ्याकडे एका सभासदाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाते. तिथे त्यांच्या टीव्हीमागे एक लहानसा संगणक आहे, त्यावर प्रॉक्समॉक्सचीच बॅकअपची प्रणाली चालते. ती रोज फक्त बदललेले तुकडे घेते, त्यामुळे घरगुती इंटरनेटवर भागते. पहिली मोठी प्रत मात्र आम्ही डिस्क पिशवीत घालून स्कूटरवरून नेली. तिसरी प्रत दोन बाहेरच्या डिस्कांवर आलटून-पालटून घेतो. त्यातली एक इंदूरला असते. आपल्यापैकी कुणाचे ना कुणाचे इंदूरला जाणे-येणे असतेच. लाडूंच्या डब्याबरोबर डिस्क जाते आणि जुनी परत येते. बाहेर जाणारी प्रत्येक प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. सभासदांचे पत्ते आणि फोन त्यात आहेत.

हे सगळे बसवून आम्ही खूश होतो. मग जानेवारीत मी म्हटले, सर्व्हर जळाला असे समजू या आणि दुसऱ्या संगणकावर सगळे परत उभे करून पाहू. बसलो. प्रत उघडायला किल्ली मागितली. आणि ती किल्ली फक्त सर्व्हरवर होती. जो जळाला असे आम्ही समजत होतो, त्याच सर्व्हरवर! कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावावे तसे. खोटी आग होती म्हणून हसू आले. त्या दिवशी किल्ली कागदावर छापली, दोन पाकिटांत बंद केली. एक चिटणीसांच्या घरी, एक इंदूरला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आम्ही एकदा हे नाटक करतो. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे केवळ आशा असते.

फेब्रुवारीत एक डिस्क खरोखरच गेली. यंत्राने ईमेल पाठवला. वाचनालय चालूच होते, कुणाला पत्ताही लागला नाही. बदलताना एकच भीती असते : चुकून चांगली डिस्क ओढून काढण्याची. म्हणून प्रत्येक खणावर आम्ही पहिल्याच दिवशी डिस्कचा अनुक्रमांक चिकटवला होता. ईमेलमधला क्रमांक ताडून पाहिला, ती काढली, नवी घातली. संध्याकाळपर्यंत जोडी भरून निघाली.

आपण ज्या शहरात राहतो तिथे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सेंट्रल लायब्ररी काढली, आणि तेवढ्यावर न थांबता पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. लाडूंच्या डब्याशेजारी इंदूरला निघालेली डिस्क पाहिली की मला त्या पेट्या आठवतात. त्यांचा हेतू ज्ञान पसरावे हा होता, आमचा ते टिकावे हा आहे. पण एका कपाटात ठेवून यातले काहीच साधत नाही.

शेवटी दोन मागण्या. पहिली : तुमच्या घरी मंडळाच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी, जुने फोटो, पेन ड्राइव्ह असतील तर आणा. प्रत घेऊन मूळ वस्तू परत देऊ. त्या बाईंच्या वडिलांची अकरा पदे अशीच मिळाली. पूर्वी कुणीतरी नक्कल करून पुण्याला भाच्याकडे पाठवली होती. आमच्याकडे तीसच्या आसपास होती. अकरा आली, बाकीची आता येतील असे वाटत नाही. पाडव्याला त्या इथे आल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी ती अकराही ऐकली. मी शेजारच्या खोलीत होते.

दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. सर्व्हर एक आहे, त्याची सोय केली. पण तो चालवणारी मीही एकच आहे, आणि येत्या मार्चमध्ये मला अडुसष्टावे लागेल. माझी दुसरी प्रत अजून निघालेली नाही. मला दोन तरुण माणसे हवी आहेत. संगणकाची पदवी नको, दर शनिवारी दोन तास हवेत. प्रयोगाचे मशीन त्यांच्यासाठीच मोकळे ठेवले आहे. त्यात काहीही मोडा, चहा येईपर्यंत परत उभे करून दाखवीन. आणि सहा महिन्यांनी ते तुम्ही मला करून दाखवायचे.

गणपती बसायच्या आत नावे द्या.